कुर्लीचं बीळ आणि मथुराकाकूची विहीर

मथुराकाकूच्या घरामागे परस होतं. परसात अळू होतं. अळूखाली बीळ होतं. बिळात होती एक कुर्ली.

कुर्ली म्हणजे खेकडी. अगदी इवलीशी. शर्टाच्या बटणाएवढी. पाय पुष्कळ, नांग्या दोन, आणि डोळे काड्यांवर बसवलेले. ती सरळ चालत नसे. तिरपी तिरपी चालायची. तुरुक तुरुक, तुरुक तुरुक.

काकू रोज अळूला पाणी घालायची. पाणी बिळात झिरपायचं. बीळ ओलं, कुर्ली खूश.

एक दिवस कुर्ली उठली. पोटाखाली खरखर झालं. तिने नांगीने माती उचलली. माती भुरभुर सांडली.

बीळ कोरडं झालं होतं.

कुर्लीने खाली उकरलं. खुरूप खुरूप. टक्क. खाली दगड. पुढे उकरताच येईना.

ओल नसली की कुर्लीचा जीव घाबरा होतो. ती बिळातून बाहेर आली आणि निघाली. तिरपी तिरपी, तुरुक तुरुक.

काकू मागच्या दारात बसली होती. डोक्यावरची चुंबळ काढत होती. बाजूला पाण्याचा हंडा होता.

"काकू काकू, पाणी घाल.
पाणी नाही, तर बीळ ओलं होत नाही.
बीळ ओलं नाही, तर मी राहू कुठे?"

काकू म्हणाली, "कुठून घालू गं बाई? मागचा ओढा आटला. हा हंडा मी पलीकडच्या वाडीतून आणला. प्यायलाच पुरत नाही. माझं अळू पण सुकायला लागलंय. विहीर असती तर घातलं असतं पाणी. जा, भागोजीमामाला सांग. तो विहीर खणेल."

"काकू, पाणी कुठे असतं?"

"लांब असतं," काकू म्हणाली. "फार लांब."

कुर्ली निघाली. तिरपी तिरपी, तुरुक तुरुक. जायचं होतं मामाकडे. पण तिरपी चालली ना, म्हणून पोचली कोंबड्यांच्या खुराड्याकडे.

कोंबडीने मान वाकडी केली. "क्वॉक? हे बटण चालतंय का?"

कुर्ली करवंटीखाली शिरली. गप्प बसली. कोंबडी गेली. कुर्ली बाहेर आली. पुन्हा तिरपी तिरपी, तुरुक तुरुक.

भागोजीमामा अंगणात होता. विहिरी खणायचं त्याचं काम. तो पहारीला टेकून उभा होता.

"मामा मामा, विहीर खणा.
विहीर नाही, तर काकू पाणी घालत नाही.
पाणी नाही, तर बीळ ओलं होत नाही.
बीळ ओलं नाही, तर मी राहू कुठे?"

मामा म्हणाला, "खणीन की. पण कुठे खणू? आंब्याखाली खणलं, दगड. गोठ्यामागे खणलं, दगड. आता आधी जागा कळू दे, मग मी पहार उचलीन. जा, धाकूआजोबांना सांग. ते पाणाडे आहेत. जमिनीखालचं पाणी शोधतात."

"मामा, पाणी कुठे असतं?"

"खाली असतं," मामा म्हणाला. "फार खाली."

कुर्लीचा एक डोळा इकडे. एक डोळा तिकडे. लांब की खाली? खाली की लांब? कुर्ली गोंधळली.

तरी निघाली. तिरपी तिरपी, तुरुक तुरुक. वाटेत एक उपडी टोपली होती. कुर्ली तिच्यासमोर थांबली.

"तुम्ही धाकूआजोबा का?"

टोपली काही बोलली नाही.

"मी इकडे आहे गं," कुणीतरी म्हणालं. ते धाकूआजोबा. ओट्यावर बसले होते. गुडघ्यांना तेल चोळत होते.

"आजोबा आजोबा, जागा दाखवा.
जागा नाही, तर मामा विहीर खणत नाहीत.
विहीर नाही, तर काकू पाणी घालत नाही.
पाणी नाही, तर बीळ ओलं होत नाही.
बीळ ओलं नाही, तर मी राहू कुठे?"

आजोबा म्हणाले, "दाखवीन की. पण माझी फांदी उंदराने कुरतडली. मला उंबराची फांदी लागते. अशी, दोन बोटांसारखी. ती हातात धरायची आणि चालायचं. जा, उंबराला सांग. तो फांदी देईल."

"आजोबा, पाणी कुठे असतं?"

"कधी इथे असतं," आजोबा म्हणाले. "कधी तिथे असतं."

कुर्लीचा एक डोळा इकडे. एक डोळा तिकडे. इथे की तिथे? लांब की खाली? कुर्ली आणखी गोंधळली.

तरी निघाली. तिरपी तिरपी, तुरुक तुरुक.

परसाच्या टोकाला उंबर होता. जाडजूड, म्हातारा. कुर्लीने वर पाहिलं. वर पाहता पाहता ती उताणी पडली. पाय हवेत हलले. मग उलटीची सुलटी झाली आणि म्हणाली,

"उंबरा उंबरा, फांदी दे.
फांदी नाही, तर आजोबा जागा दाखवत नाहीत.
जागा नाही, तर मामा विहीर खणत नाहीत.
विहीर नाही, तर काकू पाणी घालत नाही.
पाणी नाही, तर बीळ ओलं होत नाही.
बीळ ओलं नाही, तर मी राहू कुठे?"

उंबर सळसळला. "सगळे येतात. फांदी मोडून नेतात. मला कुणी काही देत नाही. माझ्या मुळांशी शेण घाल. मग मी फांदी देईन. जा, तांबू गाईला सांग."

"उंबरा, पाणी कुठे असतं?"

"माझ्या मुळांना माहीत," उंबर म्हणाला. "मी कधी विचारलं नाही."

कुर्ली निघाली. तिरपी तिरपी, तुरुक तुरुक. पण मनात सारखं येत होतं. मुळांना कसं माहीत? मुळांना डोळे कुठे असतात?

गोठ्यात तांबू गाय उभी होती. सुका पेंढा चावत होती. कुरूम कुरूम.

"तांबू तांबू, शेण दे.
शेण नाही, तर उंबर फांदी देत नाही.
फांदी नाही, तर आजोबा जागा दाखवत नाहीत.
जागा नाही, तर मामा विहीर खणत नाहीत.
विहीर नाही, तर काकू पाणी घालत नाही.
पाणी नाही, तर बीळ ओलं होत नाही.
बीळ ओलं नाही, तर मी राहू कुठे?"

तांबू म्हणाली, "शेण कुठून देऊ? रोज सुका पेंढा, रोज सुका पेंढा. पोटात सगळं कोरडं. मला हिरवा चारा हवा. मग बघ कसं छान शेण देते. जा, गवताला सांग."

"तांबू, पाणी कुठे असतं?"

"बादलीत असतं," तांबू म्हणाली. "काकू आणते."

कुर्लीचा एक डोळा इकडे. एक डोळा तिकडे. लांब? खाली? इथे? तिथे? मुळांत? बादलीत? कुर्ली फार फार गोंधळली.

तरी निघाली. तिरपी तिरपी, तुरुक तुरुक. आता पाय दमले होते. पाठ सुकली होती.

कढीलिंबाच्या झाडामागे गवताचा झुपका होता. बाकीचं गवत पिवळं झालं होतं. हा झुपका तेवढा थोडासा हिरवा होता. पण बुटका. अगदी बुटका.

"गवता गवता, उंच हो.
चारा नाही, तर तांबू शेण देत नाही.
शेण नाही, तर उंबर फांदी देत नाही.
फांदी नाही, तर आजोबा जागा दाखवत नाहीत.
जागा नाही, तर मामा विहीर खणत नाहीत.
विहीर नाही, तर काकू पाणी घालत नाही.
पाणी नाही, तर बीळ ओलं होत नाही.
बीळ ओलं नाही, तर मी राहू कुठे?"

गवत म्हणालं, "होईन की उंच. पण मला घोटभर पाणी हवं."

"पाणी?" कुर्ली म्हणाली.

"हो. पाणी."

"पण पाण्यासाठीच तर मी फिरतेय."

कुर्लीने पुन्हा म्हणून पाहिलं.

"पाणी नाही, तर गवत उंच होत नाही.
चारा नाही, तर तांबू शेण देत नाही.
शेण नाही, तर उंबर फांदी देत नाही.
फांदी नाही, तर आजोबा जागा दाखवत नाहीत.
जागा नाही, तर मामा विहीर खणत नाहीत.
विहीर नाही, तर काकू पाणी घालत नाही.
पाणी नाही, तर... तर..."

कुर्ली थांबली. पाणी नाही, तर बीळ ओलं होत नाही? की पाणी नाही, तर गवत उंच होत नाही? पुढे काय म्हणायचं? परत पहिल्यापासून म्हणायचं का? कुर्लीचा एक डोळा इकडे गेला. एक डोळा तिकडे गेला. मग दोन्ही डोळे गोल गोल फिरले.

"गवता," ती म्हणाली, "माझा गोंधळ झालाय."

"माझाही," गवत म्हणालं.

ऊन होतं. कुर्लीला रडू येत होतं. पण रडायलाही पाणी नव्हतं. तिने पाय पोटाशी घेतले आणि पोट मातीला टेकवलं.

माती गार लागली.

कुर्लीने पोट उचललं. पुन्हा टेकवलं. पुन्हा गार.

"गवता, तुझ्या पायाशी गार का लागतं?"

"मला काय माहीत? माझं तोंड वर आहे. मी वरच बघणार."

"मग मी खाली बघू का?"

"बघ," गवत म्हणालं.

कुर्ली उकरू लागली. खुरूप खुरूप. वरची माती कोरडी. खुरूप खुरूप. मध्ये एक खडा. खडा बाजूला ढकलला. खुरूप खुरूप. आता माती मऊ. कुर्लीने मातीच्या गोळ्या केल्या आणि बाहेर आणून ठेवल्या. एक गोळी, अजून एक, अजून एक. पुन्हा आत. खुरूप खुरूप.

नांगीला काहीतरी ओलं लागलं.

खड्ड्यात थेंब आला. मग दुसरा. हळूहळू चमचाभर पाणी जमलं.

कुर्ली पाण्याकडे बघत राहिली. किती तहान लागली होती. किती बरं वाटलं असतं त्यात बसून. इथेच राहावं का? पण वर गवत वाट बघत होतं. तिकडे अळूची पानं सुकत होती. आणि चमचाभर पाणी ते केवढं? उन्हाने संध्याकाळपर्यंत संपलं असतं.

कुर्लीने एक थेंब पाठीला लावला. बाकीचं पाणी नांगीने उडवलं. गवताच्या मुळांवर. चुळुक चुळुक.

गवताने सगळं पाणी पिऊन टाकलं. खड्ड्यात उरली नुसती ओली माती.

कुर्ली तिथेच झोपली. सकाळी उठली, तर डोक्यावर हिरवी सावली. गवत उंच झालं होतं.

"जा," गवत म्हणालं. "तांबूला बोलव. पण सांग तिला, वरचं वरचं खा, मुळं ठेव."

कुर्ली तुरुक तुरुक गेली. तांबूला घेऊन आली. तांबूने हिरवा चारा खाल्ला. कचर कचर. मुळं ठेवली. मग तांबू निघाली उंबराकडे. कुर्ली तिच्या शेपटीच्या केसांना धरून लोंबकळली. शेपटी इकडे, कुर्ली इकडे. शेपटी तिकडे, कुर्ली तिकडे.

तांबू उंबराखाली उभी राहिली. जरा थांबली.

पदक्क.

"आहा," उंबर म्हणाला. "आता बरं वाटलं."

त्याने एक फांदी खाली सोडली. कट्ट. दोन बोटांसारखी फांदी. कुर्लीने ती नांगीत धरली आणि ओढत ओढत नेली. खरड खरड. खरड खरड.

धाकूआजोबा उठले. गुडघे वाजले. त्यांनी दोन हातांत फांदी धरली आणि मथुराकाकूच्या परसात आले. मागून पहार घेऊन मामा आला. मागून काकू आली.

आजोबा चालू लागले. फांदी इकडे वळली.

"इथे," आजोबा म्हणाले.

मामाने पहार उचलली.

"नाही, थांब. तिथे."

मामाने पहार खाली ठेवली.

"नाही नाही. इथेच असेल."

मामाने पहार उचलली.

"की तिथे?"

आता आजोबा गोंधळले. मामा गोंधळला. काकू म्हणाली, "नक्की कुठे, ते तरी सांगा."

आजोबांचे गुडघे दुखायला लागले. ते कढीलिंबामागे खाली बसले. जमिनीवर हात टेकला. हाताखाली मातीच्या गोळ्या होत्या. बारीक, गोल गोल.

आजोबांनी एक गोळी उचलली. दाबली. गोळी फुटली नाही, चपटी झाली. त्यांनी ती नाकाशी नेली.

"ही माती कुणी काढली?"

"मी काढली," कुर्ली म्हणाली.

"कुठून?"

"इथून. गवताच्या पायाशी. खाली पाणी होतं, चमचाभर. गवताने प्यायलं."

आजोबांनी गवताकडे पाहिलं. मग उंबराकडे पाहिलं. मग मातीकडे पाहिलं.

"एवढ्या उन्हात माती ओली आहे," ते म्हणाले. "म्हणजे पाणी इथेच आहे. मी उगाच सगळीकडे फिरलो." त्यांनी फांदी तिथे मातीत रोवली. "भागोजी, इथे खण. गवत जरा बाजूला लाव."

मामाने गवत मुळांसकट काढलं. कढीलिंबाच्या सावलीत नीट लावलं. मग खणायला लागला.

धप्प धप्प. धप्प धप्प. मामा खणतोय. काकू टोपलीने माती वर ओढतेय. खूप दिवस खणलं. खड्डा खोल झाला. मामाचं डोकं दिसेनासं झालं.

आणि मग, टक्क.

मामा थांबला. "दगड," तो खालून म्हणाला. "पुन्हा दगड."

काकू खड्ड्याच्या काठावर बसली. पदराने तोंड पुसलं. आजोबांनी खड्ड्यात डोकावून पाहिलं.

कुर्ली टोपलीत चढली. "मला खाली सोड, काकू."

काकूने टोपली हळूहळू खाली सोडली. कुर्ली दगडावर उतरली. तिरपी तिरपी, तुरुक तुरुक. दगडावर सगळीकडे पोट टेकवून पाहिलं. इथे कोमट. इथेही कोमट. इथे...

दगडाला एक बारीक फट होती. मामाचं बोट त्यात गेलं नसतं. कुर्लीची नांगी गेली. कुर्लीने नांगी बाहेर काढली. नांगीच्या टोकाला थेंब होता.

"मामा, इथे. इथे गार आहे."

मामाने थेंब पाहिला. कुर्लीला उचलून खांद्यावर ठेवलं. पहार फटीत घातली आणि सगळा जोर लावला. दगड हलला. दगड सरकला.

बुडुक.

बुडुक बुडुक बुडुक.

पाणी आलं. आधी आलं चहासारखं, गढूळ. मामाच्या पायाची बोटं बुडाली. मग घोटे बुडाले. मामा हसायला लागला. वर काकू हसायला लागली. मामा शिडीवरून वर आला, खांद्यावर कुर्ली. सगळे पाण्याकडे बघत बसले. गाळ खाली बसला. पाणी स्वच्छ दिसू लागलं.

काकूने दोरीला तांब्या बांधला. खाली सोडला. भरून वर ओढला.

मामाला तहान लागली होती. त्याने ओंजळ पुढे केली. आजोबांनीही केली. तांबूने मान लांब केली.

"थांबा जरा," काकू म्हणाली. "आधी तिचं."

काकू अळूपाशी गेली. तिने तांब्या वाकवला. पाणी अळूच्या मुळांशी गेलं. तिथून बिळात गेलं. झुळुझुळु झुळुझुळु. बीळ ओलं झालं. गार झालं. मऊ झालं.

कुर्ली आत गेली. पोट टेकवलं. पाय पसरले. तोंडातून बुडबुडे आले. पुट पुट पुट.

"काकू," ती आतून म्हणाली, "मला कळलं पाणी कुठे असतं."

"कुठे गं?"

"इथे," कुर्ली म्हणाली, आणि झोपून गेली.

पाणी मिळालं, तर गवत उंच झालं.
चारा मिळाला, तर तांबूने शेण दिलं.
शेण मिळालं, तर उंबराने फांदी दिली.
फांदी मिळाली, तर आजोबांनी जागा दाखवली.
जागा मिळाली, तर मामाने विहीर खणली.
विहीर मिळाली, तर काकूने पाणी घातलं.
पाणी मिळालं, तर बीळ ओलं झालं.
बीळ ओलं झालं, तर कुर्ली घरी राहिली.

विहिरीत राहिलं पाणी, बिळात राहिली कुर्ली, आणि गोष्ट राहिली तुमच्याजवळ.